क्रमांकाआधी नाव

नरखेड तालुक्यातल्या शेताच्या विक्रीपत्रात पहिल्या पानावरच दोन नावे पक्की केलेली असतात : ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. विकणाऱ्याचे संपूर्ण नाव, वय, धंदा आणि राहण्याचे ठिकाण एकदा लिहिले जाते; पुढे दस्त कितीही पानांचा असो, तो माणूस ‘लिहून देणार’ एवढ्यावरच ओळखला जातो. शेताचेही तसेच. मौजा, पटवारी हलका नंबर, खसरा नंबर, आराजी म्हणजे क्षेत्रफळ, तहसील नरखेड, जिल्हा नागपूर असे वर्णन एकदा होते, मग ‘सदर शेत’ म्हटले की भागते. स्थावर मालमत्ता ओळखता येईल इतके वर्णन दस्तात असलेच पाहिजे, असे १९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम २१ सांगते. महत्त्वाची गोष्ट एकदा नीट पकडायची, तिला नाव द्यायचे आणि पुढे त्या नावानेच तिच्याकडे बोट दाखवायचे, ही रीत आपल्याकडच्या दस्तलेखकांनी पूर्वीपासून पाळली आहे.

संगणकाला मजकुरातून असेच काही शोधायला सांगायचे तर जे साधन वापरतात त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. प्रोग्रामर मंडळी नुसते रेजेक्स म्हणतात. मजकूर कोणत्या घडणीचा असावा याचा नमुना आपण लिहून द्यायचा, आणि तो चालवणाऱ्या प्रोग्रामने, म्हणजे इंजिनाने, मजकूर चाळून त्या नमुन्यात बसणारा भाग काढायचा. नमुन्यातला जो तुकडा कंसात टाकला असेल तो इंजिन बाजूला काढून ठेवते. तो कॅप्चर. आधी जे पकडले तेच पुढे पुन्हा आले पाहिजे, अशी अट घालता येते. तो बॅकरेफरन्स. जुन्या विक्रीपत्रांचा टंकित मजकूर हाताशी आहे आणि त्यातून खसरा, आराजी व पक्षकारांची नावे काढून ती सातबाऱ्याशी ताडून पाहायची आहेत, असे समजू. अशा कामात याच दोन सोयींकडे हात जातो. म्हणूनच इंजिन बांधणाऱ्याने या सोयी कशा घडवल्या, हा प्रश्न केवळ कारागिरांचा उरत नाही. ज्याच्या नावाचे एक अक्षर चुकल्याने कर्जाचे प्रकरण अडते, त्या शेतकऱ्याचाही तो प्रश्न होतो.

माझे म्हणणे तीन भागांत मांडतो. कॅप्चरची ओळख त्याच्या नावाने व्हावी. क्रमांक असला तर दुय्यम असावा. ‘हे आणि ते एकच आहे का’ ही तपासणी शक्य तितकी नमुन्याच्या बाहेर, उघड्यावर व्हावी. आणि बॅकरेफरन्स जिथे ठेवायचा तिथे इंजिनाने ‘तेच’ म्हणजे नेमके काय, हे त्या लिपीच्या वाचकाला पटेल असे ठरवावे.

आधी क्रमांकाचे पाहू. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन शोधण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. पुढे युनिक्सच्या संपादक प्रोग्राममध्ये कंसाने पकडलेल्या भागाला \१, \२ अशा खुणांनी परत बोलावण्याची सोय आली. क्रमांक नऊपर्यंतच. उघडणारे कंस डावीकडून मोजायचे, एवढाच नियम होता. ओळभराच्या नमुन्याला तो पुरत होता. पण नमुना वाढला की हीच मोजणी घात करते. मौजा पहिला, हलका दुसरा, खसरा तिसरा, आराजी चौथी असा नमुना चालू आहे आणि कोणी सुरुवातीला दस्ताच्या तारखेसाठी एक कंस वाढवला, तर खसरा चौथा होतो आणि आराजी पाचवी. प्रोग्रामचा उरलेला भाग मात्र तिसऱ्यालाच खसरा समजत राहतो. तक्रार कुठेच उमटत नाही. खसऱ्याच्या रकान्यात हलक्याचा क्रमांक जाऊन बसतो, आणि तोही आकडाच असल्यामुळे डोळ्यांना खटकत नाही.

महसुलाच्या दप्तरात क्रमांक असे वागत नाहीत. खसरा २३ ची फाळणी झाली तर २३/१ आणि २३/२ होतात; २४ नंबरचे शेत सरकून २५ होत नाही. सातबाऱ्यावर भोगवटदाराच्या नावापाशी फेरफाराचा क्रमांक असतो. गाव नमुना सहा उघडून त्या क्रमांकाची नोंद पाहिली की हे नाव इथे खरेदीने आले, वारसाने आले की वाटणीने, ते कळते. नंतर कितीही फेरफार झाले तरी जुना क्रमांक आपल्या नोंदीला चिकटून राहतो. तिथे क्रमांक ही जागेची मोजणी नसते, ती दिलेली ओळख असते. रेजेक्समधला क्रमांक फक्त जागा सांगतो, आणि जागेला ओळख समजणे ही त्या रचनेतली मूळ चूक आहे.

या चुकीचे परिणाम इंजिनाच्या व्याकरणातही दिसतात. \१० या खुणेचा अर्थ काय? दहावा कंस, की पहिला कंस आणि त्यापुढे शून्य? पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत नमुन्यात दहा कंस असतील तर तो दहावा कंस ठरतो. नसतील तर तीच खूण अष्टमान पद्धतीने एका नियंत्रक चिन्हाचा अर्थ घेते. म्हणजे एका खुणेचा अर्थ दूर कुठेतरी असलेल्या कंसांच्या संख्येवर ठरतो. वाचणाऱ्याने सगळा नमुना मोजल्याशिवाय त्याला एक ओळही समजू नये, ही रचना सदोष आहे. पर्लने पुढे क्रमांक महिरपी कंसात लिहिण्याची सोय दिली. तिने संदिग्धता गेली, मोजणी राहिली.

नावे आली ती १९९७ च्या अखेरीस, पायथनच्या १.५ आवृत्तीबरोबर. २००२ मध्ये डॉटनेटने आपली थोडी वेगळी लेखनपद्धत आणली. पर्लने डिसेंबर २००७ मधल्या ५.१० आवृत्तीत, जावाने २०११ मध्ये आणि जावास्क्रिप्टने २०१८ मध्ये नावे स्वीकारली. थॉम्प्सन यांच्या लेखापासून पायथनपर्यंत जवळपास तीस वर्षे गेली. आणि बहुतेकांनी नाव आणले ते क्रमांकावर चढवलेला साज म्हणून. पायथन, पर्ल आणि जावा यांत नाव दिलेला कंसही बाकीच्यांच्या रांगेत मोजला जातो. डॉटनेटमध्ये आधी बिननावाचे कंस मोजतात, मग नाव असलेले. त्यामुळे तिथे एखाद्या कंसाला नुसते नाव दिले तरी दुसऱ्या कंसांचे क्रमांक बदलू शकतात. चांगली सवय लावून घेणाऱ्यालाच इथे फटका बसतो. नाव हीच मूळ ओळख धरली असती, तर नाव दिलेला कंस क्रमांकाच्या रांगेत आलाच नसता आणि हा प्रश्न उद्भवला नसता.

नाव मुळाशी ठेवायचे म्हटले की रचनाकाराला एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते : एकच नाव नमुन्यात दोनदा आले तर? नरखेडमध्ये हा प्रश्न पुस्तकी नाही. नागपूरकडचा हा मुलूख मालगुजारीचा, म्हणून इथे खसऱ्याची भाषा रुजली. वर्धा नदीपलीकडे वरुड आणि मोर्शी हा वऱ्हाडाचा भाग. तिथे रयतवारी पद्धत आणि सर्व्हे नंबर. पश्चिम महाराष्ट्रात गट नंबर. दोन्ही काठांवर जमीन असलेल्या कुटुंबाच्या कागदांत एकाच अर्थाच्या क्रमांकाला वेगवेगळी संबोधने सापडतात. नमुना लिहिणाऱ्याला म्हणायचे असते : खसरा असो, सर्व्हे असो, गट असो, जो आकडा मिळेल त्याला ‘भूमापन’ म्हण. तीन पर्याय, पण नाव एक. पायथन आणि जावा हे नाकारतात. नाव पुन्हा वापरले म्हणून चूक दाखवून थांबतात. जावास्क्रिप्टने सुरुवातीला नाकारले, आणि परस्परांना वगळणाऱ्या पर्यायांत तेच नाव चालेल, अशी मुभा २०२५ च्या प्रमाणात दिली. माझ्या मते ही मुभा पहिल्या दिवसापासून हवी होती. तीनपैकी एकच पर्याय जुळणार आहे, तेव्हा नावाबद्दल संशय राहत नाही. नाव अर्थाला दिले जाते. तो अर्थ कोणत्या वाटेने आला, याला नाही.

पर्यायांत नव्हे तर ओळीने एकामागून एक तेच नाव आले, तर त्याचे तीन अर्थ होऊ शकतात. चूक समजावी, दोन्ही किमती यादीत ठेवाव्यात, किंवा दोन्ही ठिकाणचा मजकूर सारखा असावा अशी अट समजावी. यातले मधले उत्तर मला बरोबर वाटते, आणि त्याचे कारण सातबाऱ्यातच आहे. वारसाचा फेरफार झाला की एका शेतावर भाऊ, बहिणी, आई, पुतणे अशी नावे लागतात. विक्रीपत्रातही ‘लिहून देणार’ पाच-सहा असू शकतात. नावाचा कंस पुन्हा पुन्हा जुळू द्यावा असा नमुना लिहिला, तर बहुतेक इंजिने शेवटचे नाव तेवढे हाती ठेवतात. आधीची पुसली जातात. सहा हिस्सेदारांतला एक उरतो आणि काही गमावल्याची सूचना कोणी देत नाही. डॉटनेटमध्ये आधीचे सगळे कॅप्चर परत मागता येतात. पर्लच्या घराण्यातली राकू भाषा तर पुन्हा जुळणाऱ्या कंसाची आपोआप यादी करते. जमिनीच्या कागदात सहहिस्सेदार गाळणे ही किरकोळ गैरसोय नाही. तो कोणाच्या तरी हक्कावरचा घाला आहे. पुन्हा जुळले की यादी, हाच नियम सर्व इंजिनांचा असावा.

आता बॅकरेफरन्स. तो दिसतो साधा, पण इंजिनाचा स्वभावच बदलून टाकतो. थॉम्प्सन यांच्या पद्धतीत इंजिन सर्व शक्यता एकाच वेळी पुढे नेते आणि मजकुराचे प्रत्येक अक्षर एकदाच वाचते. मजकूर दुप्पट झाला तर वेळ साधारण दुप्पट लागतो. बॅकरेफरन्स आला की हे मोडते, कारण आता प्रत्येक शक्यतेने आधी काय पकडले होते तेही लक्षात ठेवावे लागते. मग इंजिन एक वाट धरते, अडले की मागे फिरते, दुसरी वाट धरते. बॅकरेफरन्स असलेला नमुना जुळवणे हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे, असे संगणकशास्त्रज्ञ आल्फ्रेड आहो यांनी १९९० मध्ये नोंदवले. म्हणजे प्रत्येक मजकुरावर झटपट चालेल अशी सर्वसाधारण पद्धत कोणालाही सापडलेली नाही. मागे फिरणाऱ्या इंजिनाची किंमत बॅकरेफरन्स न वापरणाऱ्यालाही मोजावी लागते. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीने आपल्या संरक्षक यंत्रणेत एक नवा नमुना बसवला. त्यात बॅकरेफरन्स नव्हता, पण इंजिन मागे फिरणाऱ्या जातीचे होते. जगभरातली तिची यंत्रे त्या एका नमुन्यात गुरफटली आणि असंख्य संकेतस्थळे सुमारे २७ मिनिटे कोलमडली. गूगलने २०१० मध्ये खुले केलेले आरई-टू, गो भाषेतले इंजिन आणि रस्टचे नेहमीचे रेजेक्स यांनी म्हणूनच बॅकरेफरन्स मुळातच ठेवला नाही. नावे मात्र तिन्हींत आहेत.

या त्यागावर नेहमीचा आक्षेप असा की मग खात्री कशी करायची? दस्ताच्या पहिल्या पानावर खसरा २३/१ आणि शेवटी दिलेल्या मालमत्तेच्या वर्णनातही २३/१ आहे, हे पाहायला बॅकरेफरन्स हवा ना? माझे उत्तर स्पष्ट आहे : नको, इथे तर मुळीच नको. नमुन्यात ‘दुसऱ्या ठिकाणी पहिलाच क्रमांक यावा’ अशी अट घातली, तर ज्या दस्तात दोन क्रमांक जुळत नाहीत तो दस्त इंजिनाच्या लेखी सापडलाच नाही. तो कोऱ्या पानांबरोबर, भलत्याच कागदांबरोबर, न जुळलेल्यांच्या ढिगात पडतो. आणि नेमका तोच दस्त आपल्याला हवा होता. पहिल्या पानावर २३/१ आणि शेवटी २३/७ लिहिलेला, उद्या भांडण उभे करणारा. त्याऐवजी दोन्ही ठिकाणचा क्रमांक ‘आरंभीचा खसरा’ आणि ‘वर्णनातला खसरा’ अशा दोन नावांनी पकडावा आणि तुलना नमुन्याबाहेर करावी. मग तीन वेगळी उत्तरे मिळतात : जुळले, जुळले नाही, एक जागा कोरी आहे. बॅकरेफरन्स या तिघांचे दोनच करतो आणि महत्त्वाचे उत्तर गिळतो.

कोऱ्या जागेचाही विचार इथेच करावा. पोटहिस्सा नसलेल्या शेताला नुसता २३ हा क्रमांक असतो, म्हणून पोटहिस्स्याचा कंस ऐच्छिक ठेवावा लागतो. तो कंस जुळलाच नाही आणि पुढे त्याचा बॅकरेफरन्स आला तर? पायथन आणि पर्ल म्हणतात, जुळणी फसली. जावास्क्रिप्ट म्हणते, रिकामा मजकूर जुळला असे धरू. एकच नमुना, एकच कागद आणि दोन उलट निकाल. नसणे आणि रिकामे असणे यांत दप्तरी व्यवहारात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. इंजिनाने दोन्हींना वेगळे उत्तर द्यावे, आणि नसलेल्या गोष्टीशी तुलना केली तर निमूटपणे होकार देऊ नये.

मग बॅकरेफरन्स कुठे हवा? जिथे मजकुराची सीमाच आधी पकडलेल्या गोष्टीवर ठरते तिथे. एकेरी अवतरणाने उघडले तर एकेरीनेच मिटावे. एचटीएमएलमध्ये ज्या नावाची खूण उघडली त्याच नावाने ती बंद व्हावी. इथे तुलना ही तपासणी नसते, तुकडा कुठे संपला हे कळण्याचा तोच मार्ग असतो. तेव्हा सीमा ठरवायला बॅकरेफरन्स ठेवावा, सत्य तपासायला ठेवू नये. आणि तो असलेला नमुना मागे फिरणाऱ्या इंजिनाकडे जाईल, हे लिहिणाऱ्याला आधीच दिसावे. ज्याला ती किंमत नको, त्याला बॅकरेफरन्स वर्ज्य करणारी कडक पद्धत निवडता यावी.

राहिला ‘तेच’ म्हणजे काय, हा मुद्दा. मराठीसाठी तो सर्वांत जिव्हाळ्याचा आहे, आणि त्यावर सर्वांत कमी विचार झाला आहे. बॅकरेफरन्स एकेका संकेतांकाची तुलना करतो. ‘वऱ्हाड’ हा शब्द संगणकात निदान तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो : ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, र आणि नुक्ता जोडून, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घेऊन. कागदावर तिन्ही सारखेच उमटतात. पहिल्या दोघांना युनिकोडने समान मानले आहे, त्यामुळे मजकूर आधी प्रमाणरूपात आणला तर ते एक होतात. तिसरा तरीही वेगळाच राहतो. ‘शेतकऱ्याचे’, ‘कुऱ्हाड’, असा र असलेली आडनावे, सगळीकडे हाच धोका आहे. २३ हा आकडा देवनागरीत एक आणि इंग्रजी अंकांत दुसरा. ‘थडीपवनी’ हे गावाचे नाव कोणी जोडून लिहितो, कोणी ‘थडी पवनी’ असे तोडून. ‘लोहारी सावंगा’ हे एकाच गावाचे नाव आहे, पण जागा आली की शब्द संपला असे मानणारा नमुना ‘लोहारी’वरच थांबतो. पायथनच्या नेहमीच्या मॉड्यूलमध्ये शब्दातले अक्षर दाखवणारी खूण मात्रेपाशीच अडते. ‘नरखेड’ शोधायला गेले तर ‘नरख’ एवढेच हाती लागते.

लिपीची समज इंजिनात घालणे अतिरेकी आहे, असे कोणी म्हणेल तर त्याने इंग्रजीकडे पाहावे. लहान-मोठी अक्षरे एकच धर, असा पर्याय चालू केला की बॅकरेफरन्सही तसाच सैल होतो आणि इंग्रजी वाचकाला जे सारखे वाटते त्याला सारखे म्हणतो. म्हणजे ‘तेच’ हे वाचकाच्या नजरेने ठरवायचे, हे तत्त्व इंजिनांनी केव्हाच मान्य केले आहे. ते लहान-मोठ्या अक्षरांपुरते अमलात आणले, एवढेच. देवनागरीसाठी तसाच उघड पर्याय मागणे ही सवलत नव्हे. आणि तो मिळेपर्यंत तुलना नमुन्याबाहेर ठेवण्याला आणखी एक सबळ कारण मिळते : तिथे कोणते अंक एक धरले आणि कोणते जोडचिन्ह गाळले, हे चार ओळींत लिहून ठेवता येते आणि दुसऱ्याला तपासता येते.

नाव कोणत्या भाषेत द्यायचे, हेही ठरवावे लागते. पायथन ३ आणि जावास्क्रिप्ट यांत (?<मौजा>…) याच धर्तीची मराठी नावे चालतात, पायथनला कंसात आणखी एक अक्षर लागते इतकेच. जावा मात्र इंग्रजी अक्षरे आणि आकडे यांपलीकडे काही स्वीकारत नाही. नाव देण्याचा हेतू नमुना माणसाला वाचता यावा हा असेल, तर ज्या पटवाऱ्याला आणि दस्तलेखकाला त्या कागदाचे ज्ञान आहे, त्याला ती नावे वाचता आली पाहिजेत. ‘आराजी’ लिहिले की त्याला कळते, आणि जुन्या दस्तांत ती एकरांत असते, नव्यांत हेक्टर-आरमध्ये, हे तोच सांगू शकतो. एक एकर म्हणजे जवळपास ४०.४७ आर. ‘आराजी_एकर’ आणि ‘आराजी_हेआर’ अशी दोन नावे दिली तर पुढची मोठी चूक जागीच टळते. अशी दुरुस्ती जाणकाराने सुचवावी, यासाठी नमुना त्याच्यासमोर ठेवण्याजोगा असायला हवा.

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. संत्र्याची बाग पेऱ्यात दाखवण्यापासून कर्जापर्यंत शेतकऱ्याचे काम आता मजकूर वाचणाऱ्या प्रोग्रामांवर अवलंबून आहे, आणि ते प्रोग्राम लिहिणारे अनेक जण मराठी घरांतलेच आहेत. त्यांना माझी विनंती आहे. क्रमांकाने कॅप्चर उचलू नका. प्रत्येकाला नाव द्या, ते कागदावरच्या माणसाला समजेल असे द्या. पुनरावृत्तीतली शेवटचीच किंमत हाती येते का, हे तपासल्याशिवाय हिस्सेदारांची यादी काढू नका. न जुळणारे दस्त बॅकरेफरन्सच्या आड लपवू नका. दोन्ही किमती पकडा आणि तफावत दाखवा. आणि जी इंजिने देवनागरी नाव नाकारतात किंवा मात्रेपाशी शब्द तोडतात, त्यांच्या कर्त्यांकडे दुरुस्ती मागा, जमल्यास स्वतः लिहून पाठवा. यातली बरीचशी इंजिने मुक्तस्रोत आहेत. बदल सुचवण्याचा अधिकार नरखेडच्या तरुणाला तितकाच आहे जितका इतर कुणाला.